मासळीच्या हॉटेलसाठी जबाबदार खरेदी : मेन्यूकार्डापासून बर्फाच्या पेटीपर्यंत

मासळीच्या हॉटेलची खरेदी पहाटे भाऊच्या धक्क्यावर ठरते असे मालकाला वाटते. खरे तर मेन्यूकार्ड छापून आले, त्याच दिवशी ती ठरलेली असते. बारा महिने पापलेट फ्राय, सुरमई थाळी, रावस करी आणि कोळंबी मसाला हवाच, असे कार्डावर एकदा आले की पुरवठादाराला तो माल कुठूनही, कसल्याही जाळ्याचा, कोणत्याही आकाराचा आणून द्यावा लागतो. मग त्याला कितीही चांगले प्रश्न विचारा, उत्तर एकच येते : "तुम्हालाच रोज पाहिजे ना, शेठ." म्हणून जबाबदार खरेदीची सुरुवात कार्डापासून करा. पुरवठादाराशी बोलायचे ते त्यानंतर.

पुढची सगळी माहिती मुंबई, ठाणे, पुणे आणि कोकणपट्टीतल्या रोज साधारण २० ते १०० किलो मासळी घेणाऱ्या हॉटेल-खानावळींना धरून दिली आहे. घरगुती डबे देणाऱ्यांनाही यातले बरेच लागू पडेल.

आधी स्वतःची बिले वाचा

मागच्या तीन महिन्यांची मासळीची बिले काढा आणि एका वहीत किंवा एक्सेलमध्ये सहा रकाने आखा : मासळीचे नाव, किलो, दर, एका नगाचे सरासरी वजन, कुठून आली, कोणत्या जाळ्याची. पहिले तीन रकाने तासाभरात भरतील. उरलेले तीन बहुतेक रिकामे राहतील. काम कुठे करायचे ते त्या रिकाम्या जागाच दाखवतात.

मग किलोच्या उतरत्या क्रमाने यादी लावा. बहुतेक ठिकाणी वरच्या चार-पाच जातींवरच पैशांचा मोठा भाग खर्च होत असतो. काम त्यांच्यापासून सुरू करा. महिन्याला तीन किलो लागणाऱ्या कालवांचा उगम शोधण्यात आठवडा घालवून रोजच्या दहा किलो सुरमईकडे बघायचेच नाही, हा उलटा हिशेब अनेक ठिकाणी दिसतो.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. समुद्रातली सगळीच मासळी संपत चालली आहे, असे नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ सालच्या स्थितीवर केलेल्या देशव्यापी पाहणीत १३५ मत्स्यसाठे तपासले आणि त्यांतले ९१.१ टक्के सुस्थितीत असल्याचे सांगितले. पण हा आकडा देशाचा आहे. तुमच्या ताटातल्या जातीचा आणि तुमच्या किनाऱ्याचा प्रश्न वेगळा असू शकतो. मुंबईच्या समुद्रातली चपटी शेवंड याचे ठळक उदाहरण आहे. ट्रॉलरच्या जाळ्यांत ती इतकी ओढली गेली की १९९४ च्या सुमारास तिची मासेमारीच कोसळली. तेव्हा 'समुद्री मासळी चांगली की वाईट' हा प्रश्न सोडून द्या आणि जातवार निर्णय घ्या.

जातवार वाटणी

पहिला गट भरवशाचा : बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, वाकटी, राणीमासा, ढोमा, मुडदुशी, माकूल. यांतल्या बहुतेक जाती लवकर वयात येतात आणि भरपूर अंडी घालतात, त्यामुळे पकडीतून लवकर सावरतात. मात्र यांचे प्रमाण वर्षागणिक खूप खाली-वर होते. तारली तर समुद्राचे तापमान आणि पाऊस यांवर इतकी अवलंबून असते, की एखाद्या वर्षी ढिगाने येते आणि दुसऱ्या वर्षी दिसतही नाही. म्हणून या गटातली कोणतीही एक जात कार्डावर कायमची छापू नका. गट छापा आणि रोजचे नाव फळ्यावर लिहा. जवळ्याबद्दल ग्राहक हमखास विचारतात, की ही कोळंबीची पिल्ले का खाऊ घालता? जवळा ही कोळंबीची पिल्ले नव्हेत. ती लहानच राहणारी स्वतंत्र जात आहे.

दुसरा गट अटीवर घेण्याचा : पापलेट, सुरमई, हलवा, रावस, घोळ, शेवंड, खेकडे, समुद्रातली कोळंबी. यांना आकाराची, हंगामाची किंवा जाळ्याची अट हवीच. सरंगा, म्हणजे रुपेरी पापलेट, २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. सातपाटीसारख्या बंदरांचे अर्थकारण त्याच्यावर उभे आहे आणि लहान पापलेटांची पकड ही तिथल्या मच्छीमारांचीच जुनी तक्रार आहे. घोळीचा प्रश्न मांसापेक्षा तिच्या भोताचा, म्हणजे हवेच्या पिशवीचा आहे. भोताला परदेशात एवढा भाव मिळतो की मोठी घोळ दिसली की सुटत नाही. हॉटेलने घोळ कार्डावर ठेवण्याची खरोखर गरज नाही. मिळाली, मोठी मिळाली, तरच त्या दिवशी घ्यावी.

तिसरा गट न घेण्याचा, आणि इथे सवलत नको. देवमुशी म्हणजे व्हेल शार्क, करवतमासा, आणि ज्यांचा पुढचा भाग पाकटासारखा चपटा व मागचा मुशीसारखा असतो अशा गिटारमाशांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ही यादी आणखी वाढली. मोरीचे, म्हणजे मुशीचे, सुके हा अनेक मालवणी हॉटेलांचे नाव काढणारा पदार्थ आहे, म्हणून हे नीट समजून घ्या. बाजारातली लहान, टोकदार नाकाची मुशी ही जात मुळातच लहान असते आणि हातभर लांबीलाच प्रौढ होते. पण त्याच पाटीत मोठ्या जातींची पिल्लेही येतात. हातोड्यासारख्या डोक्याचे पिल्लू तर डोके कापले की ओळखूच येत नाही. तेव्हा नियम सोपा ठेवा : डोके, पर आणि कातडी असलेली अख्खी मुशी असेल आणि खरेदी करणाऱ्याला ती ओळखता येत असेल तरच घ्या. सोललेले तुकडे घेऊ नका. ओळखणारा माणूस नसेल तर मोरी कार्डावरून काढा.

आकार : पट्टी, तराजू आणि ठाम शब्द

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. त्यात रुपेरी पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर आणि घोळ ७०० मिलिमीटर आहे. पूर्ण तक्ता जिल्ह्याच्या सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयातून घ्या, तुमच्या जातींपुरता मोठ्या अक्षरांत छापा आणि माल उतरवण्याच्या जागी लावा.

पण या लांबीला ध्येय समजू नका. याहून लहान मासळी पकडणे बेकायदा, एवढाच तिचा अर्थ. १३५ मिलिमीटरचे पापलेट तळहातात मावते आणि त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. हॉटेलने स्वतःची मर्यादा यापेक्षा वर ठेवावी. पापलेट ३०० ग्रॅमच्या खाली नाही. पट्ट्यांची सुरमई ७० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण अडीच किलोच्या खाली नाही. अंगावर पट्ट्यांऐवजी गोल ठिपके असलेली सुरमई ही निराळी आणि लहान राहणारी जात आहे. तिला हा नियम लावला तर चांगला मालही परत जाईल. तिच्यासाठी ४५ सेंटिमीटर पुरे. शेवंडीला निर्यातीच्या नियमात जातवार किमान वजन आहे. मुंबईकडच्या चिखलातल्या शेवंडीला ते ३०० ग्रॅम, तर चपट्या शेवंडीला १५० ग्रॅम. नियम निर्यातीचा असला तरी तोच स्वयंपाकघराला लावा. पोटाखाली अंड्यांचा घोस असलेली शेवंड किंवा खेकडी कोणत्याही वजनाची असली तरी घ्यायची नाही. 'भरलेली मादी' आणि 'गाबोळी स्पेशल' असे वेगळे पदार्थ कार्डावर ठेवू नका. घेतलेल्या माशात गाबोळी निघाली तर ती जरूर खाऊ घाला, पण तिच्यासाठी म्हणून खरेदी करू नका.

मोजण्यासाठी एक लाकडी किंवा प्लास्टिकची फळी घ्या, एका टोकाला उभी पट्टी ठोका आणि फळीवर सेंटिमीटरच्या खुणा करा. माशाचे तोंड पट्टीला टेकवा आणि शेपटीच्या खाचेपर्यंत मोजा. शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी याहून जास्तच भरते, त्यामुळे खाचेपर्यंतच्या मापात बसलेल्या माशावर वाद उरत नाही. वाकलेला मासा सरळ करून मोजा. शेपूट तुटलेला मासा मोजणीत धरू नका.

सगळी पेटी मोजायला वेळ नसतो. दहा किलोच्या पेटीतून वीस नग काढा : सात वरचे, सहा मधले, सात तळाचे. तळाचे नग न चुकता घ्या, कारण लहान माल नेहमी बर्फाखाली तळाशी असतो. विसात दोनपर्यंत लहान निघाले तर माल घ्या आणि वहीत नोंद करा. त्याहून जास्त निघाले तर पेटी परत.

इथे एक चूक फार सर्रास होते. लहान माल निघाला की "चला, अर्ध्या भावात द्या" म्हणून तो ठेवून घेतला जातो. त्या क्षणी हॉटेलचे पैसे वाचतात, पण पुरवठादाराला कळते की लहान मालालाही इथे गिऱ्हाईक आहे. पुढच्या वेळी तो मुद्दाम तोच आणतो. परत केलेली पेटी दुसरीकडे विकली जाईल हे खरे आहे आणि मेलेले पिल्लू समुद्रात परत जात नाही हेही खरे. तरी पेटी परतच करा. महिनाभरात तीन पेट्या परत गेल्या की पुरवठादार लिलावातच निवड करू लागतो. तुमच्या नियमाचा खरा परिणाम तिथे होतो.

जाळे कोणते, हे विचारायचे कसे

"मासळी कशी पकडली?" असे विचारले तर कोणीही "चांगलीच" म्हणेल. "कोणती होडी, कोणते जाळे, किती दिवसांची फेरी?" असे विचारा.

डोल हे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवलेले पिशवीसारखे जाळे. वसई, अर्नाळा, वर्सोवा भागातला बोंबील मुख्यतः याचा. इंधन कमी लागते, समुद्राचा तळ खरवडला जात नाही. पण खोळ, म्हणजे जाळ्याची शेवटची पिशवी, बारीक विणीची असेल तर पापलेटची पिल्ले याच जाळ्यात अडकतात, विशेषतः पावसाळ्यानंतरच्या काळात. वावरी किंवा दालदी हे आडवे लावायचे जाळे आकाराने निवड करते, कारण आसापेक्षा, म्हणजे जाळ्याच्या भोकापेक्षा, लहान मासा निसटतो. पापलेट, सुरमई, रावस यांसाठी हाच माल आधी मागा. गळाची सुरमई मिळाली तर दर थोडा जास्त देऊनही घ्या. तिचा दर्जाही चांगला असतो, कारण ती जाळ्यात चेंगरत नाही. सिंधुदुर्गातली रापण किनाऱ्यावरून ओढतात. ती पारंपरिक आहे आणि तिचा माल ताजा असतो, मात्र आकार तपासूनच घ्या.

ट्रॉलर तळावरून जाळे ओढत नेतो, त्यामुळे त्यात नको असलेली मासळी आणि पिल्ले भरपूर येतात. समुद्रातली कोळंबी, माकूल आणि राणीमासा बहुतांश ट्रॉलरचाच असतो, म्हणून तो पूर्ण टाळणे बहुतेकांना जमणार नाही. खोळीचा आस ४० मिलिमीटर चौकोनी आहे का, एवढे तरी विचारा. चौकोनी आस ओढताना मिटत नाही, त्यातून पिल्ले निसटतात. नेहमीचा शंकरपाळ्यासारखा आस ताण आला की बंद होतो. पर्ससीनला, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालून खालून आवळायच्या जाळ्याला, राज्याच्या सागरी हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, परवाना असेल तरच आणि सप्टेंबर ते डिसेंबर याच काळात मुभा आहे. तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक स्वस्त बांगड्याचे ढीग आले तर ते कुठून आले हे विचारणे तुमचे काम आहे. एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासे गोळा करून पकडायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. पण हातात आलेला मासा बघून तो दिव्याखाली पकडला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून माशावरून नव्हे, होडीवरून खात्री करावी लागते.

प्रत्येक नोंदणीकृत यांत्रिक नौकेला 'आयएनडी-एमएच' ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो नौकेवर रंगवलेला असतो. पावतीवर तो लिहून मागा. दलालाकडून घेतलेल्या मिश्र मालात हे जमत नाही. तिथे निदान बंदराचे नाव, जाळ्याचा प्रकार आणि लिलावाची तारीख घ्या.

पुरवठादाराशी व्यवहार

एकाच दलालावर सगळे टाकण्यापेक्षा तीन ठिकाणी वाटा. निम्मा माल एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडून किंवा ठरावीक तांडेलाकडून, म्हणजे होडीच्या प्रमुखाकडून. तीस टक्क्यांच्या आसपास ओळखीच्या कोळीणीकडून : तिला बंदरावरचे जे कळते ते कोणत्याही कागदावर सापडत नाही, आणि ती निवडून माल देते. उरलेला बाजारातून, तुटवडा भरून काढण्यापुरता.

बोलणी करताना जातीचा करार करू नका. वजनाचा आणि पैशाचा करा. "रोज आठ किलो सुरमई" याऐवजी "रोज पंचवीस किलो; त्यात पहिल्या गटातली त्या दिवशी चांगली असेल ती किमान पंधरा किलो, दुसऱ्या गटातली जास्तीत जास्त दहा किलो आणि तीही आमच्या मापाची" असे ठरवा. होडीवाल्यासाठी हा सौदा मोलाचा असतो. ढोमा, राणीमासा, मुडदुशी यांना लिलावात भाव पडतो. तुम्ही ठरावीक दराने उचलता म्हटल्यावर पापलेटच्या पिल्लांवर फेरीचा खर्च काढण्याची त्याची गरज थोडी तरी कमी होते.

पैसे वेळेवर द्या. मासळीच्या धंद्यात उधारी महिना-दीड महिना तुंबते आणि डिझेल-बर्फासाठी होडीवाला दलालाची उचल घेतो. उचल घेतली की माल त्याच दलालाला आणि त्याच्याच भावाने. सात दिवसांत पैसे देणारे हॉटेल स्वतःच्या अटी सांगू शकते. पंचेचाळीस दिवस थकवणाऱ्याने जाळ्याचा आस विचारू नये.

भांग-उधाणाचे गणित शिकून घ्या. डोलीचे जाळे प्रवाहावर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते तेव्हा बोंबील भरपूर येतो, भांगाच्या दिवसांत प्रवाह मंदावतो आणि आवक घटते. महिन्याचा फळा त्यानुसार आखला तर भांगात दुप्पट भावाने शिळा बोंबील घ्यावा लागत नाही.

माल उतरवताना

ताजेपणा हा पर्यावरणाचाच भाग आहे. फेकून दिलेला मासा जबाबदारीने पकडलेला असला तरी फुकट गेला.

टोकदार थर्मामीटर जाड भागात खुपसा : चार अंशांच्या आत हवा. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या बाबतीत हे जास्त काटेकोरपणे पाळा. हे मासे उबेत राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होते. नंतर शिजवले, तळले, पुन्हा गोठवले तरी ते जात नाही आणि खाणाऱ्याच्या अंगावर पित्तासारखे चट्टे उठतात. आपल्याकडच्या उकाड्यात मासळीइतकाच बर्फ, म्हणजे एकास एक, हे प्रमाण धरा. बर्फ चुरलेला हवा. मोठ्या ढेकळांमध्ये पोकळी राहते आणि टोकांनी मासळीला जखमा होतात. तळाला बर्फ, मग मासळी, मग बर्फ असे थर द्या आणि वितळलेले पाणी बाहेर जाईल असे भोक ठेवा. त्या पाण्यात बुडालेला बोंबील संध्याकाळपर्यंत पिठासारखा होतो. बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असावा.

फॉर्मेलिनची शंका असेल तर केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेल्या कागदी पट्ट्यांचा संच मिळतो. माशावर पट्टी घासा, द्रावणाचा थेंब टाका, रंग बघा. रोज करण्याची गरज नाही. नवा पुरवठादार, लांबून आलेला माल, किंवा मासळी टवटवीत दिसते पण तिला समुद्राचा वासच नाही, अशा वेळी करा.

काटे काढलेले तुकडे, म्हणजे फिले, शक्यतो घेऊच नका. कातडी नसलेल्या पांढऱ्या तुकड्याची जात डोळ्यांनी ओळखता येत नाही आणि रावसाच्या भावात बासा गळ्यात पडतो. अख्खा मासा घ्या आणि तुमच्याकडे कापा. डोकी आणि काटे सारासाठी कामी येतात, कोळंबीची डोकी भाजून वाटली की रस्सा वेगळाच होतो.

जून आणि जुलै

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावर ही बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे १ ते १४ जून या पंधरवड्यात देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर यांत्रिक नौका बंद असतात. त्या काळात "ताजी सुरमई" म्हणून काही आले तर ते शीतगृहातले, आयात केलेले किंवा चोरून पकडलेले असते. तारीख आणि बिल मागा, आणि मिळाले नाही तर घेऊ नका. १५ जूननंतर आंध्र आणि तामिळनाडूचा माल कायदेशीरपणे येऊ शकतो. तो चार-पाच दिवसांचा असतो, तेव्हा तापमान आणि वास दोन्ही बघा.

मग या दोन महिन्यांत विकायचे काय? सुके. सुके बोंबील, सोडे, जवळा, सुकी वाकटी. हा आगोटीचा, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीचा, कोकणी उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि हॉटेलांनी तो विनाकारण दुय्यम ठरवला आहे. खरेदी मार्च ते मेच्या सुरुवातीला करा. बांबूच्या मांडवावर टांगून वाळवलेला बोंबील घ्या, जमिनीवर वाळवलेल्यात रेती येते. दाबून बघा : नीट वाळलेला बोंबील चटकन मोडतो. वाकत राहिला तर आत ओल आहे आणि जुलैत बुरशी येणार. हवाबंद डबे, दर पंधरा दिवसांनी तपासणी, आणि ऊन मिळेल त्या दिवशी दोन तास बाहेर. सोड्यांची खिचडी, बोंबलाची चटणी, जवळ्याची भाकरीबरोबरची सुकी भाजी यांची वेगळी पावसाळी थाळी करा आणि तिला पूर्ण भाव लावा.

बिगरयांत्रिक होड्यांना बंदीतून सूट आहे, त्यामुळे खाडीची थोडी मासळी येत राहते. तिच्यावर रोजचा पदार्थ उभा करू नका. आली त्या दिवशी फळ्यावर लिहा.

तलावातली आणि तळ्यातली मासळी

रायगडातल्या खारजमिनीच्या तळ्यांतला जिताडा पेण-अलिबागच्या लोकांना सांगायला नको. हॉटेलसाठी तो उत्तम पर्याय आहे : मागणीप्रमाणे काढता येतो, आकार ठरवता येतो, पावसाळ्यातही मिळतो. बीज कुठले हे मात्र विचारा, कारण खाडीतून पकडलेल्या पिल्लांपेक्षा हॅचरीचे बीज बरे. जिताडा मांसाहारी आहे, त्याला लहान मासळी किंवा मासळीच्या पिठाचे खाद्य लागते. तेव्हा "तळ्यातला म्हणजे समुद्रावर भार नाही" असे ग्राहकाला सांगू नका.

कोळंबी हा मोठा खर्च असल्याने तिथे कागद मागायलाच हवेत. वेनामी कोळंबी २००९ पासून आपल्याकडे वाढवली जाते. तळ्याला कोस्टल अॅक्वाकल्चर अथॉरिटीची नोंदणी लागते. तिचा क्रमांक घ्या आणि क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या बंदी असलेल्या औषधांच्या चाचणीचा त्या काढणीचा अहवाल मागा. मागच्या वर्षीचा अहवाल दाखवला तर तो चालत नाही. कांदळवन तोडून तळे केलेले नाही, हे उपग्रहाच्या जुन्या नकाशांवर दहा मिनिटांत पाहता येते. ठिकाण विचारा आणि स्वतः बघा. गोठवलेली कोळंबी घेताना वरच्या बर्फाच्या थराचे वजन वजा करून दर काढा. एक किलोचे पाकीट वितळवून, निथळून तोला. आठशे ग्रॅम भरले तर तुमचा खरा दर सव्वापट आहे.

ताटाचा हिशेब

"लहान पापलेट सोडले तर धंदा बसेल" या भीतीला उत्तर हिशेबानेच द्यावे लागते. दर तुमचे घाला, पद्धत हीच ठेवा.

समजा २५० ग्रॅमचे पापलेट १२०० रुपये किलोने मिळते. एक नग एक प्लेट, म्हणजे ३०० रुपये. ६०० ग्रॅमचे पापलेट १६०० रुपये किलोने घेतले तर नग ९६० रुपयांचा. डोके आणि पोट काढून साधारण ४५० ग्रॅम उरले, तर १५० ग्रॅमच्या तीन प्लेटा, प्रत्येकी ३२० रुपये. फरक वीस रुपयांचा आणि तुकडा जाड, रसाळ. अडचण फक्त 'अख्खा मासा ताटात दिसला पाहिजे' या सवयीची आहे, आणि ती सवय हॉटेलांनीच लावली आहे.

आता बांगडा ३०० रुपये किलो धरा. साफ करून ६५ टक्के उरतो, म्हणजे खाण्याजोगा किलो ४६१ रुपयांना आणि १५० ग्रॅमची प्लेट ६९ रुपयांना. सुरमई ९०० रुपये किलो, ७५ टक्के उरते, प्लेट १८० रुपयांना. बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले सुरमईच्या निम्म्या किमतीला विकले तर प्लेटमागे हातात उरणारा पैसा कमी असतो. पण टक्केवारीने तो जास्तच असतो.

कार्ड बदलताना एकदम सगळे काढू नका. पहिल्या महिन्यात 'सुरमई थाळी' आणि 'पापलेट थाळी' यांच्या वर 'आजची मासळी थाळी' छापा आणि तिचा दर दोन्हींपेक्षा कमी ठेवा. वाढप्याला रोज सकाळी ती मासळी चाखायला द्या. चव न घेतलेला वाढपी गिऱ्हाइकाला सुरमईच सुचवतो. मुडदुशीला काटे आहेत, मांदेली काट्यासकट कुरकुरीत खायची असते, हे त्याने आधीच सांगावे. पहिल्या घासाला काटा लागलेला माणूस ती मासळी पुन्हा मागवत नाही. हे प्रयोग इथेच सर्वाधिक फसतात. मासळी चांगली असते, सांगणारा नसतो.

कार्डावर काय लिहावे

'इको-फ्रेंडली', 'शाश्वत मासळी' असले शब्द छापू नका. ते सिद्ध करता येत नाहीत आणि एका चुकीच्या पेटीने खोटे ठरतात. जे पावतीवर आहे तेच लिहा : "सुरमई, हर्णै, गळाची, सोमवारचा लिलाव." मानांकनाचा उल्लेख त्या मालाला ते खरोखर असेल तरच करा. भारतात एमएससीचे (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या टिकाऊ मासेमारी तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे) मानांकन पहिल्यांदा मिळाले ते केरळातल्या अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांना (शिंपल्यांना), २०१४ साली. तिथे अनेक वर्षे आस, आकार आणि बंद हंगाम पाळल्यावर ते मिळाले होते. कोकणातल्या खाडीच्या तिसऱ्या विकताना ते नाव वापरणे म्हणजे फसवणूक.

पावत्या वर्षभर ठेवा आणि दर महिन्याला तीनच आकडे काढा : किती टक्के मालाची होडी किंवा बंदर माहीत आहे, किती पेट्या मापामुळे परत गेल्या, आणि पहिल्या गटातली मासळी एकूण किलोंच्या किती टक्के होती. पहिला आकडा तीन महिन्यांत निम्म्यापर्यंत नेता येतो. दुसरा आधी वाढतो, मग उतरतो. तो पहिल्यापासूनच शून्य असेल तर फळीवर कोणी मोजत नाही, असे समजा आणि एका सकाळी स्वतः माल उतरवायला उभे राहा.